मेलेला पैसा

मार्चमध्ये ईरी सरोवर कुणाच्याच कामाचं नसतं.
चालत जावं तर बर्फ पातळ,
होडी घालावी तर जाड.
अशा दिवसांत बर्निस ग्वोझ्देकच्या आमिषांच्या दुकानात
मासे धरणारं कुणी फिरकत नाही.
येतात ते संघ बांधणारे.

मी टाकीतले रात्री मेलेले मिनो जाळीनं वेचतो
आणि ऐकतो.

वॉल्ट प्शिबिला, गुडघ्यात स्टीलची वाटी,
म्हणतो, "टिलरीला आपण आता सोडायला हवं.
एकतिसावं लागलं त्याला.
पाऊल टाकायच्या आधी
पायाची परवानगी घेतो हल्ली."

"सोड ना," नागी मुफ्लिही म्हणतो,
"मग क्वार्टरबॅकच्या आंधळ्या बाजूला
उभा कोणाला करतोस? तुझ्या मेहुण्याला?"

डेल ऑकरमनला ड्राफ्टमधला एक पोरगा हवाय,
आयोवाचा, मक्यावर वाढलेला,
तीनशे वीस पौंड,
चार वर्षं स्वस्तात.
त्याचा व्हिडिओ डेलनं अकरा वेळा पाहिलाय,
कोचनं पाहिलाय की नाही, देव जाणे.

"आपल्याकडे एक कोटी नव्वद लाखांची जागा आहे,"
वॉल्ट म्हणतो.
आपल्याकडे.
कॉफीचे दोन डॉलर परवापासून उधार आहेत.

नागीचं रिज रोडवर किराणा दुकान,
म्हणून हिशेब त्याच्याकडे.
गांडुळांच्या कागदी पिशवीवर तो पेन्सिलीनं
कोट्यवधी डॉलर इकडचे तिकडे करतो,
हातचा एक घेतो,
आणि एका आकड्याभोवती गोल काढतो.
"हा मेलेला पैसा. हा नडतोय."

बर्निस गळांच्या डब्या लावत होती.
"मेलेला म्हणजे कसा रे?"

"असं बघ. त्याला बोनस दिला
पाच वर्षांत वाटून.
माणूस निघाला दोनच वर्षांत.
उरलेल्या तीन वर्षांचा आकडा
आपल्याच वहीत राहतो.
तो कुठेही असो, खेळो न खेळो,
तेवढी जागा त्याच्या नावावर."

"म्हणजे माणूस नाही,
आणि जागा अडलेली."

"बरोब्बर," नागी म्हणाला,
आणि म्हणता म्हणता त्याची पेन्सिल थांबली.

गल्ल्याखाली क्लबचं पाकीट आहे,
आम्हा चौघांनाही माहीत आहे.
सेक्शन एकशे तेवीस, रांग नऊ,
दोन खुर्च्या,
पैसे पंधरा एप्रिलच्या आत.
त्यातली कडेची रेची,
पाय लांब करता यावा म्हणून घेतलेली.
नोव्हेंबरपासून
त्या पायाचा प्रश्न उरलेला नाही.

वॉल्ट टाकीतल्या मिनोंकडे बघत बसला,
जणू त्यांतलाच एखादा विकत घेणार आहे.

तेवढ्यात डेलचा फोन थरथरला.
"गेला," डेल म्हणाला.

कुणीच बोललं नाही.
टाकीचा पंप तेवढा बुडबुडत राहिला.

"टिलरी," डेल घाईघाईनं म्हणाला.
"टिलरी गेला. फ्लोरिडाला. तीन वर्षांचा करार."

बर्निसनं डबी फळीवर ठेवली, सरळ केली.
"गॅरंटीड किती?"
"दोन कोटी साठ लाख."
"बरं झालं," ती म्हणाली.
"या थंडीतून सुटला बिचारा."

मग सगळे एकदम बोलू लागले.
मीच म्हणत होतो सोडा, वॉल्ट म्हणाला,
आणि त्याचा आवाज मात्र
घर विकल्यासारखा येत होता.
आठ वर्षं खेळला गडी,
एकदाही मैदानातून चालत बाहेर आला नाही,
पळतच आला.
नागी म्हणाला, आठ नव्हे, नऊ.
त्यावरून वेगळं भांडण.

शेवटी वॉल्टनं पिशवी उलटी केली,
कोरी बाजू काढली,
आणि काउंटरवर बर्निसपुढे सरकवली.
"तू रांग नऊमध्ये बसतेस,
आमच्यापेक्षा तुला नीट दिसतं.
उजव्याला डावीकडे आणला तर?"

बसतेस, म्हणाला तो.
बसायचीस नाही.

तिनं पेन्सिल घेतली.
टोक मोडलेलं होतं.
मी चाकू शोधू लागलो.